पदविकेकडून पदवीकडे : नोकरदार परिचारिकेची वाट

परिचारिकेस पदवी हवीच कशाला, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप विचारला जातो, आणि विचारणारे सगळेच अडाणी असतात असे नाही. ज्यांनी आजारपणात एखाद्या प्रेमळ सिस्टरचा हात अनुभवला आहे, त्यांना त्या हातामागे कोणते प्रमाणपत्र आहे याची चौकशी करावीशी वाटत नाही. परंतु तीच सिस्टर वीस वर्षे वॉर्ड सांभाळून पुढे परिचर्या विद्यालयात शिकवू इच्छिते, तेव्हा तिच्याकडे प्रथम पदवीचा कागद मागितला जातो. पदविकाधारक परिचारिकेस शिक्षिका म्हणून नेमता येत नाही आणि पदव्युत्तर शिक्षणाचे दारही तिला बंद असते. अनुभव आहे, कागद नाही, अशी ही कोंडी आहे. ती फोडण्यासाठी गेल्या शतकात ज्या वाटा निघाल्या, त्यांपैकी नोकरी न सोडता, घर न मोडता, आपल्या सवडीने पदवी घेण्याची वाट सर्वांत उशिरा निघाली. तिचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. पनवेल परिसरात परिचारिकांची वस्ती मोठी आहे, म्हणून पाहण्याची जागा आम्ही पनवेल ही निवडली आहे.

आपल्या देशात परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात जन्मले नाही, ते इस्पितळात जन्मले. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली उघडले, आणि त्याच सुमारास मुंबईत परिचारिकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा प्रारंभ झाला. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या वर्षासमोर बाई काशीबाई गणपत हे नाव आढळते. प्रशिक्षणासाठी पुढे आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून ते नोंदलेले आहे. नाव अगदी आपल्या घरातले, मराठी वळणाचे. पण त्यापलीकडे ही पुस्तके तिच्याविषयी काही सांगत नाहीत. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या आश्रयाने दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक मुली परिचर्या शिकल्या. या सर्व ठिकाणी शिकण्याची रीत एकच होती. मुलीने वसतिगृहात राहायचे, वॉर्डात राबायचे आणि राबता राबता शिकायचे. इस्पितळास स्वस्तात मनुष्यबळ मिळे, मुलीस निवारा आणि धंदा मिळे. ही रीत वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. हात तयार करणारी तिच्याइतकी दुसरी शाळा नाही. मात्र तिच्यात शिक्षणाला नेहमी कामाच्या मागे उभे राहावे लागे, आणि तेथून मिळणारे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या शिडीच्या कोणत्याही पायरीवर बसत नसे.

ख्रिस्तसभेचा या कथेशी जवळचा संबंध आहे, आणि तो केवळ सेवाभावाच्या गौरवापुरता नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत व्रतस्थ धर्मभगिनींना वैद्यकी, विशेषतः प्रसूतीची कामे, करण्यास मज्जाव होता. ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लौरी यांना गुंटूर येथे काम करण्यासाठी रोमहून खास परवानगी घ्यावी लागली होती. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार मंडळाने सूचनापत्र काढून ही बंधने उठविली. मिशन प्रदेशातील माता व बालके यांच्या सेवेसाठी धर्मभगिनींनी वैद्यकीय व परिचर्येचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे त्यात सांगितले होते. सेवेस तळमळ पुरेशी नाही, तिला अधिकृत पात्रताही हवी, ही गोष्ट ख्रिस्तसभेने अशा रीतीने लेखी मान्य केली. सिस्टर ग्लौरी यांनीच पुढे १९४३ साली कॅथोलिक इस्पितळांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तेव्हापासून धर्मसंघ आपल्या भगिनींना दूरच्या विद्यालयांत शिकण्यास पाठवू लागले. त्यांच्या खर्चाची आणि राहण्याची काळजी संघाने घ्यावयाची, हे ओघाने आलेच. संसारी परिचारिकेस असा संघ कोठून असणार? हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा हिशोब मांडला. १९४६ साली तिचा अहवाल आला. त्या वेळी सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. समितीने परिचारिकांची संख्या वाढविण्याची शिफारस केली आणि विद्यापीठीय शिक्षणाचाही आग्रह धरला. त्याच वर्षी दिल्लीच्या परिचर्या महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पदवीचे वर्ग सुरू झाले. पुढल्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघण्यास १९६४ साल उजाडले. ही महाविद्यालये अध्यापिका आणि प्रशासिका घडविण्यासाठी निघाली होती. खाटेशी उभी राहणारी परिचारिका पदवीधर असावी, असे त्या काळी कोणी फारसे म्हणत नसे. ती पदविकेवर, म्हणजे आपण ज्याला जी.एन.एम. म्हणतो त्या तीन-साडेतीन वर्षांच्या शिक्षणावर, चालून जाईल असा समज होता. अशा रीतीने एकाच पांढऱ्या गणवेशात दोन जाती तयार झाल्या. हे शब्द कठोर वाटतील. पण ज्यांनी वॉर्डात दिवस काढले आहेत त्यांना ते नवे नाहीत.

दोहोंमध्ये पूल बांधण्याचा प्रयत्न साठीच्या दशकात झाला. पदविका घेतलेल्या आणि काही काळ नोकरी केलेल्या परिचारिकेस दोन वर्षांत पदवी देणारा पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा अभ्यासक्रम निघाला. कल्पना उत्तम होती, पण दोन वर्षे पूर्ण वेळ वर्गात बसावयाचे ही तिची अट होती. सरकारी नोकरीतल्या मोजक्या जणींना त्यासाठी पाठविले जाई. खासगी इस्पितळातल्या परिचारिकेस दोन वर्षे पगाराविना राहणे म्हणजे नोकरीच सोडणे.

आता पनवेलकडे वळू. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने गाव. खाडीकाठचे बंदर, मिठाचा आणि तांदळाचा व्यापार, मुंबई-पुणे रस्त्यावरचा मुक्काम, अशी त्याची ओळख. नेरे येथील शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा चाले, तेही याच तालुक्यात. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या दोन दशकांत खाडीपलीकडची शेते नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे या नावांनी नकाशावर आली. कामोठ्यास १९८९ साली महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. इस्पितळे वाढली तशी परिचारिकांची गरज वाढली. केरळातून आलेल्या, कोकणातून आलेल्या, घाटावरून आलेल्या मुली येथे भाड्याच्या खोल्यांत राहू लागल्या, लग्ने करून स्थायिक झाल्या. परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत आजही परिचारिका असलेली आई किंवा मावशी सहज सापडते.

नव्वदीच्या आरंभी अशा परिचारिकेस पदवी हवी असती, तर तिने काय करावयाचे होते? महिला विद्यापीठाचे महाविद्यालय चर्चगेटजवळ. वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ मध्ये, बेलापूरपर्यंत १९९३ मध्ये, आणि पनवेलहून थेट मुंबईस जाणारी लोकल सुरू झाली २९ जून १९९८ रोजी. त्याआधी एस.टी.ने निघावे, वाटेत गाडी बदलावी, दिवसाचे चार-पाच तास प्रवासात घालवावे आणि रात्रपाळी मात्र चुकवू नये, हे कोणत्या देहास जमेल? भूगोलाचा असा अडसर शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच नोंदला जातो. एखाद्या स्त्रीचे शिक्षण बुद्धीपेक्षा वेळापत्रकावर अधिक अडते, ही गोष्ट आम्हांस या प्रकरणात ठळकपणे दिसते.

हा अडसर दूर करण्याचे साधन तोवर दुसऱ्याच अंगणात तयार होत होते. पत्राद्वारे पदवीशिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केले होते. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि शिक्षणाने विद्यार्थ्याच्या दारी जावे ही कल्पना जगभर पसरली. आंध्रात १९८२ मध्ये, दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या रूपाने १९८५ मध्ये आणि नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने १९८९ मध्ये ती आपल्याकडे रुजली. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनीच पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, ही मराठी वाचकांस अभिमानाची बाब. याच राष्ट्रीय विद्यापीठाने, ज्याला सगळे इग्नू म्हणतात, १९९१ साली आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठ-विभाग उघडले आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यास नोकरदार परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणले. त्याआधी १९८९ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या उच्चाधिकार समितीने व्यावसायिक परिचारिका पदवीच्या पातळीवरची असावी, असे मत दिले होते. मागणी कागदावर आली होती. पण हजारो पदविकाधारकांना वर्गात बसविणार कोण, या प्रश्नास मुक्त विद्यापीठाने एक उत्तर दिले.

या शिक्षणक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. बारावीनंतर पदविका घेतलेल्या परिचारिकेस नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव हवा. दहावीनंतर पदविका घेतलेलीस पाच वर्षांचा. येथे शालेय शिक्षणातली उणीव अनुभवाने भरून काढता येते, ही साधी पण न्यायाची तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. दहावीनंतर घरच्या परिस्थितीने परिचर्येकडे वळलेल्या कित्येक मुलींसाठी दार उघडे राहिले ते यामुळेच. पुरुष परिचारकांनी प्रसूतिशास्त्राऐवजी नेमून दिलेले अन्य प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. प्रवेशपरीक्षा असते. त्यानंतर छापील पाठ घरी येतात. किमान तीन वर्षांचा हा क्रम, तेवढ्यात पुरा झाला नाही तर आणखी काही वर्षांची मुभा.

पाठ वाचणे आपल्या सवडीचे; पण सर्व काही सवडीचे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वाध्याय ठराविक मुदतीत द्यावे लागतात. नेमलेल्या केंद्रावर समुपदेशनाच्या बैठका असतात. आणि प्रात्यक्षिकांसाठी ठरलेले दिवस इस्पितळात व वस्तीत प्रत्यक्ष हजर राहून मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. काही कामे स्वतःच्याच वॉर्डात करून त्यांची नोंद ठेवावी लागते. एखादी परिचारिका पंधरा वर्षे इंजेक्शने देत असली, तरी ती कशी देते हे पुन्हा कोणी तरी पाहतो. काहींना यात अपमान वाटला, काहींना गंमत. आमच्या ओळखीच्या एका अनुभवी सिस्टरचे म्हणणे असे की, वयाने लहान असलेल्या मार्गदर्शिकेसमोर रुग्णाची शुश्रूषा योजना लिहिताना आपण इतकी वर्षे जे हातांनी करत होतो, त्याचे कारण पहिल्यांदा शब्दांत मांडावे लागले.

पदविकेहून पदवी निराळी ठरते ती येथे, असे आमचे मत आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, प्रशासन, अध्यापन, संशोधनाची ओळख असे विषय यात येतात. हात पूर्वीच तयार असतो. आता त्याच्यामागच्या विचाराला भाषा दिली जाते.

आणि भाषेचाच येथे मोठा अडथळा आहे. अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी. पाठ इंग्रजीत, स्वाध्याय इंग्रजीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत. रायगड जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकलेली मुलगी वॉर्डात डॉक्टरांच्या सूचना इंग्रजीत वाचू शकते, औषधांची नावे बिनचूक लिहू शकते. परंतु अर्भकमृत्यूच्या सामाजिक कारणांवर तीन पाने इंग्रजीत लिहिणे हे वेगळे काम आहे. अभ्यासक्रमात संवादात्मक इंग्रजीचा एक विषय ठेवला आहे, यावरून विद्यापीठासही ही अडचण ठाऊक होती असे दिसते. पण एका विषयाने ती कितीशी सुटणार? मराठीतून पदवीपातळीवरचे परिचर्या-वाङ्मय आजही तुटपुंजे आहे. विद्यापीठाने मराठी परिचारिकेचे घर गाठले, पण तिच्या भाषेपर्यंत ते आले नाही. आमच्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्यांनी याकडे पाहून नुसते उसासे टाकण्यापेक्षा काही पाठ मराठीत आणण्याचा विचार करावा.

परदेशात ही वाट आपल्याहून आधी निघाली आणि कितीतरी पुढे गेली. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने १९७१ च्या सुमारास बाह्य पदवीची योजना आखली. विद्यार्थ्याने कोठे, किती दिवसांत शिकावे हे त्याने ठरवायचे. संस्था फक्त परीक्षा घेणार. परिचर्येच्या पदव्याही तिने अशा रीतीने दिल्या. तीच संस्था आज एक्सेल्सियर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ स्थापन केले. तेथे सारे शिक्षण इंटरनेटवर, आणि विषयावर प्रभुत्व सिद्ध केले की पुढला विषय घ्यावयाचा. नोंदणीकृत परिचारिकेस अशा संस्थांतून नोकरी सांभाळून, स्वतःच्या गतीने पदवी घेता येते. पदविकेवर तिकडे गेलेल्या आपल्या अनेक भगिनींनी हा मार्ग धरला.

मात्र तेथेही एक रेघ ओढली गेली. परिचर्येची पहिली पात्रताच दूरस्थ मार्गाने मिळविणाऱ्यांना, वॉर्डात देखरेखीखाली पुरेसे तास घालविले नाहीत या कारणास्तव, कॅलिफोर्नियाने २००३ च्या अखेरीपासून परवाना देण्याचे थांबविले. आधीच परिचारिका असलेलीने पदवी दुरून घेणे निराळे, आणि कधीच वॉर्ड न पाहिलेलीने परिचारिका होणे निराळे. दूरशिक्षणाच्या वादात या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. पहिलीस आमचा पाठिंबा आहे, दुसरीस नाही. नाडी कशी मोजावी हे पुस्तकात वाचता येते, पण घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात कसा धरावा हे खाटेपाशीच कळते.

पदवीने रुग्णाचे काय भले होते, यावरही तिकडे संशोधन झाले. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हानियातील १६८ इस्पितळांचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष मांडला. ज्या इस्पितळात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक, तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या पाहणीतही तशीच दिशा दिसली. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. तरीही अशा पुराव्यांच्या जोरावर अमेरिकेतील एका राष्ट्रीय अहवालाने २०१० मध्ये ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात असे दशकाचे लक्ष्य ठेवले, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली नव्या परिचारिकांना दहा वर्षांत पदवी मिळविण्याचे बंधन घातले. इंग्लंडात २०१३ पासून परिचर्येत प्रवेशच पदवीने होतो. काशीबाईंच्या काळची इस्पितळशाळा आता त्या देशांत इतिहासजमा झाली आहे.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावर गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने जे विषय शिकविता येणार नाहीत त्यांची यादी केली, आणि तीत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्या पंगतीत परिचर्याही आहे. म्हणजे घरी संगणकासमोर बसून संपूर्ण परिचर्या पदवी घेण्याची अमेरिकन सोय भारतीय विद्यापीठाकडून मिळत नाही. परिषदेच्या मान्यतेने चालत आलेला इग्नूचा जुना क्रम मात्र अपवादासारखा टिकला. २०२० नंतरही त्याच्या प्रवेशपरीक्षा झाल्या. नियमावली आली त्याच वर्षी महासाथीने साऱ्या देशाचे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आणले, हा योगायोग विचित्रच. पनवेलच्या परिचारिका तेव्हा संरक्षक पोशाखात घामाघूम होऊन पाळ्या करीत होत्या, आणि त्यांच्या विद्यार्थिनी भगिनी घरी बसून शुश्रूषेची व्याख्याने ऐकत होत्या. व्याख्यान पडद्यावरून पोहोचते, प्रात्यक्षिक पोहोचत नाही, याचा पडताळा सर्वांनाच आला. आम्हांस बंदीचे कारण पटते, पण तिची सरसकट व्याप्ती पटत नाही. नोंदणीकृत, अनुभवी परिचारिकेच्या पदवीसाठी सिद्धान्ताचा भाग ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक जवळच्या इस्पितळात, अशी व्यवस्था अधिक संस्थांना करू दिली तर रुग्णाचे काय बिघडणार आहे? १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविकी आयोगाचा कायदा केला आहे. हा प्रश्न नव्याने मांडण्याची ती योग्य वेळ ठरावी.

पनवेल १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झाले आहे. परिचर्येचे महाविद्यालय आता कामोठ्यातच आहे. चर्चगेट गाठावे लागत नाही. तरुण मुली बारावीनंतर थेट पदवीस जातात. राहतात त्या मधल्या पिढीच्या परिचारिका, पस्तिशी-चाळिशीच्या, पदविका घेतलेल्या, घरात सासू आणि शाळकरी मुले असलेल्या. त्यांच्यासाठी अंतर मिटले, वेळ मात्र मिळाला नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवसांसाठी हक्काची रजा बहुधा साठवावी लागते, पाळ्या अदलाबदल कराव्या लागतात, नाताळातही स्वाध्यायाची वही उघडावी लागते. इस्पितळांनी, आणि त्यांत आपल्या समाजाच्या संस्थाही आल्या, वर्षाकाठी दोन-तीन परिचारिकांना पगारी अभ्यासरजा दिली तर तिजोरीवर फार भार पडणार नाही. धर्मसंघांनी आपल्या भगिनींसाठी जे केले, तेच संसारी परिचारिकेसाठी करावयाचे आहे.

पदवी हाती आल्यावरही एक काम उरते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे मूळ नोंदणीत अतिरिक्त पात्रता चढवून घ्यावी लागते. त्यासाठी कागदपत्रे जमवावी लागतात, शुल्क भरावे लागते. ती नोंद झाल्याखेरीज नव्या पात्रतेवर नोकरी मागता येत नाही, म्हणून निकाल लागल्यावर पेढे वाटण्याच्या गडबडीत हे काम मागे ठेवू नये.